खळ लावलेले पंख

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी लग्न होऊन काशीदला आले. माझं माहेर बोर्ली पंचतन. दोन्ही गावं एकाच किनाऱ्यावरची, पण मध्ये राजपुरीची खाडी. बोर्लीहून दिघीच्या धक्क्यापर्यंत यायचं, होडीत बसून खाडी ओलांडायची आणि पुढं मुरुडवरून बैलगाडी करायची. पावसाळा लागला की होड्या ओढून वर घेत. मग माहेर असून नसल्यासारखं. आई आजारी पडली तर निरोप पोचायचा तो ती बरी होऊन कामाला लागल्यावर.

मी सातवी पास होते. फायनलची परीक्षा म्हणत तिला. आमच्यासारख्या भातशेती करणाऱ्या घरात मुलीनं तिथवर शिकणं म्हणजे खूपच झालं. मास्तरांनी वडिलांना सांगितलं होतं, हिला अलिबागला पाठवा, ट्रेनिंग करून शाळेत बाई होईल. वडील जवळजवळ तयार झाले होते. तेवढ्यात हे स्थळ आलं. मुलगा लढाईत विमानांवर कामाला होता, एवढं ऐकूनच घरातली माणसं हरखली. एक पाय अधू आहे हे लग्न ठरल्यावर कळलं.

नवऱ्याला मी आजवर नावानं हाक मारलेली नाही, म्हणून इथंही नुसतं ‘हे’ म्हणते. ह्यांचं काम होतं विमानांचे पंख बसवायचं, तारा ताणायचं, फाटलेलं कापड बदलायचं. आसामच्या बाजूला कुठल्याशा तळावर एकदा जॅक निसटला आणि विमानाचा पंख ह्यांच्या गुडघ्यावर आला. हाड जुळलं, पण गुडघा दुमडेना. सरकारनं घरी पाठवलं. घरी आले तर सासरे अंथरुणाला खिळलेले, ते वर्षभरात गेले. थोरला मुलगा म्हणून भातशेती आणि सुपारीची वाडी ह्यांच्या गळ्यात पडली. धाकटे दीर मुंबईला नोकरीला होते. म्हणजे घरात सासूबाई, हे आणि मी.

ह्यांना शेतीतलं कळत नव्हतं असं नाही. पण चिखलात तो पाय रुतला की निघत नसे. गडी लावणी करत आणि हे बांधावर उभे राहून वर बघत. आमच्याकडं आकाशात बघायला होतं काय, तर घारी आणि बगळे. क्वचित एखादं विमान मुंबईकडं जायचं. ते दिसेनासं झाल्यावरही ह्यांची मान खाली यायची नाही.

लग्नानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात ह्यांनी गोठा रिकामा करायला घेतला. मला वाटलं, शाकारायचा असेल. बैल आणि म्हैस अंगणात बांधली, जमीन सारवून घेतली आणि मुंबईहून आणलेली पाइनची लाकडं तिथं रचली. लढाईचं सामान ज्या खोक्यांतून येई त्यांच्या त्या फळ्या होत्या. हलक्या आणि सरळ रेषांच्या. एका जुन्या इंग्रजी मासिकातले नकाशे ह्यांनी भिंतीला टाचले. सासूबाईंनी विचारलं, कपाट करतोस का. हे म्हणाले, विमान.

दोन दिवसांनी म्हशीला पाणी दाखवताना सासूबाई मला म्हणाल्या, “गुरं उन्हात आन् लाकडं सावलीत. बघून ठेव, तुझा संसार असाच जायचा हाय.”

मला मूल झालं नाही. पहिली काही वर्षं लोक विचारत, मग विचारायचे थांबले. मूल नसलेल्या बाईचा दिवस कुणाचाही असतो. कुणाकडं कांडण असलं, बाळंतपण असलं, की मला बोलावणं. गोठ्यातही तसंच मला बोलावणं आलं. ह्यांनी पहिल्यांदा हाक मारली ती नुसती एक पट्टी धरायला. सरसाचा जोड सुकेपर्यंत कुणीतरी दाबून धरायला हवं होतं. मी धरून उभी राहिले. त्या दिवसापासून दुपारची भांडी झाली की मी गोठ्यात जायची. आवड म्हणून नव्हे. ओट्यावर बसले असते तर दुसरं कुणीतरी कामाला लावलं असतं.

ते काम वर्षानुवर्षं चाललं. शेतीची कामं आली की लाकडं झाकून ठेवायची, सुगी झाली की उघडायची. पावसाळ्यात दमटपणानं सरसाचे जोड सुटत आणि गणपतीनंतर पुन्हा सगळं तपासावं लागे. पंखांच्या फासळ्या केल्या, त्या माशाच्या सांगाड्यासारख्या ओळीनं उभ्या राहिल्या. इंजिनापुढं फिरणारा शिवणीच्या लाकडाचा पंखा ह्यांनी रंध्यानं आणि पटाशीनं घडवला. इंजिन मुंबईच्या जुन्या बाजारातून आणलं, दोन सिलिंडरचं, बहुधा मोटारसायकलचं. आमच्या अंगणात ते पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा म्हैस दावं तोडून पळाली. त्या दिवशी सासूबाईंनी ह्यांना जेवायला वाढलं नाही, मीच वाढलं.

कापड चढवायची वेळ आली तेव्हा मात्र काम माझ्याकडं आलं. माहेरून मी हातानं चालवायचं शिवणाचं मशीन आणलं होतं. बारीक विणीच्या सुती कापडाच्या पंखाएवढ्या पिशव्या शिवायच्या आणि उशीला अभ्रा घालावा तशा पंखांवर चढवायच्या. पुढं ते कापड ताणून बसायला हवं. विमानाच्या कारखान्यात त्याला एक वासाचं रसायन लावतात. ते मिळेना, तेव्हा मी म्हटलं, खळ लावून बघू. तांदळाची पातळ पेज करून मी हातानं कापडावर चोळली. सुकल्यावर कापड असं ताणलं की बोटानं टिचकी मारली तर ढोलकीसारखं वाजलं. हे हसले. मी ह्यांना असं हसताना तोवर पाहिलं नव्हतं. समुद्राच्या हवेनं खळ पुन्हा सैल पडू नये म्हणून वरून व्हार्निशचे हात दिले. पंख पिवळट दिसू लागले, पिकत आलेल्या भातासारखे.

नंतर कापड फासळ्यांना शिवून घ्यायचं होतं. त्यासाठी पंख गोठ्याच्या मधोमध उभा करायचा. एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला मी. लांब सुई मी इकडून टोचायची, ती ह्यांच्याकडं निघायची. फासळीला वळसा घालून हे ती परत पाठवायचे आणि मी गाठ मारायची. मध्ये पंखाचा पडदा, एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं. त्या पडद्याआडून हे बोलू लागले. तळावरच्या पावसाबद्दल, परत न आलेल्या विमानांबद्दल, दवाखान्यात पाय कापायचा की नाही यावर डॉक्टरांचा ह्यांच्या उशाशीच वाद चालला होता त्याबद्दल. एकदा म्हणाले, “मी इथं कायमचा बसलोय असं रोज सकाळी वाटतं.”

मी सुई ओढून घेतली आणि म्हटलं, “मलाही.”

पलीकडून नुसती सुई आली.

विमान जोडून झालं तेव्हा ते बैलजोडीनं ओढत किनाऱ्यावर नेलं. ओहोटीला काशीदची वाळू दगडासारखी घट्ट होते, बैलगाडीच्या चाकाचीही खूण राहत नाही. सगळं गाव आलं होतं. पोलीसपाटील आले. ते भले माणूस होते. ह्यांनी दिल्लीला परवानगी मागितली होती आणि ज्याला उडवायचं आहे त्याची डॉक्टरी तपासणी करून पाठवा असं उत्तर आलं होतं, म्हणजे ह्यांच्या पायामुळं विषय तिथंच संपला होता, हे त्यांना ठाऊक होतं. ते म्हणाले, चाकं वाळूवर आहेत तोवर मला बोलायचं काही कारण नाही.

हे बसले. आणि जे मला वर्षभर मनातून दिसत होतं तेच झालं. पायांशी एक आडवा दांडा होता. उजव्या पायानं रेटला की विमान उजवीकडं वळायचं, डाव्यानं रेटला की डावीकडं. ह्यांचा पाय दुमडत नव्हता, त्यामुळे तो दांडा एका अंगाला रेटलेलाच राहिला. विमान वाळूवर गोल फिरलं आणि समुद्रात शिरता शिरता थांबलं. ह्यांनी बैठक मागं सरकवून पाहिली, तर तोल बिघडला. दांडा कापून आखूड केला, तर पाय पुरेना. रोज ओहोटीची वेळ बघून जायचं आणि रोज तोंड पाडून परत यायचं. संक्रांतीला धाकटे दीर आले, त्यांना बसवलं. इंजिनाचा आवाज सुरू होताच ते उतरले आणि पुन्हा विमानाच्या जवळ फिरकले नाहीत.

मी त्यात बसले ती उडायला नव्हे. पंखा हातानं फिरवून इंजिन सुरू करावं लागे आणि ते फक्त ह्यांनाच जमे. त्या वेळी आत बसून पेट्रोलचा खटका आवरून धरायला कुणीतरी हवं. मी नऊवारी कासोट्यात होते, चढायला अडचण नव्हती. पुढं हे म्हणाले, थोडं सरळ चालवून बघ. मग म्हणाले, थोडं जोरात. माझं वजन कमी, त्यामुळे यंत्र चपळ धावे. काही आठवड्यांत मला ते वाळूवर सरळ धरता येऊ लागलं. शेपटी उचलली जाईपर्यंत धावायचं आणि खटका मागं ओढून थांबायचं. बास, एवढंच.

लोक म्हणतात तशी मला त्यात मोकळीक वाटत नव्हती. कमरेला आणि खांद्यांवर जाड पट्टा, दोन्ही बाजूंना लाकडाच्या भिंती, तोंडावर इंजिनाची वाफ. आणि ह्यांचा चेहरा. मी धावून परत आले की हे लंगडत सामोरे येत आणि विचारत, कसं वाटलं, हलकं लागलं का, चाकं उचलल्यासारखी वाटली का. वर्षानुवर्षांची भूक त्या विचारण्यात असायची. ‘मला नको’ म्हणायला मी कितीदा तरी तोंड उघडलं आणि ‘थोडं हलकं लागलं’ असं म्हणाले.

घरी सासूबाईंनी माझ्याशी बोलणं सोडलं होतं. गावातल्या बायका विहिरीवर मला वाट करून देत, म्हणजे लांब सरत. इकडं आड, तिकडं विहीर असं नव्हतं ते. दोन्हीकडं नुसती भिंत होती.

ते फाल्गुनातले दिवस होते. भात घरात आलं होतं, रानं मोकळी होती. त्या सकाळी ओहोटी उशिरा लागली होती, आणि आम्ही किनाऱ्यावर पोचलो तेव्हा वारा समुद्राकडून यायला लागला होता. मी उत्तरेकडं तोंड करून धावले. शेपटी उचलली. नेहमीची खडखड चालू होती, आणि एकदम ती थांबली. मला वाटलं, इंजिन बंद पडलं. पण आवाज तर होता. खाली पाहिलं तर वाळू मागं सरकत होती आणि ती माझ्यापासून हातभर लांब होती.

मी घाबरून खटका जोरात मागं ओढला. तो सैल होऊन हातात आला. खारट हवेनं आतली तार गंजली होती, ती तुटली. तार तुटली तर इंजिन बंद पडून विमान खाली येऊ नये म्हणून विमानांत एक स्प्रिंग असते, ती पेट्रोल पूर्ण सोडते. ह्यांनी ती पुस्तकाबरहुकूम बसवली होती. इंजिन पूर्ण जोरानं गरजू लागलं.

एक स्विच होता, तो बंद केला की इंजिन थांबलं असतं. पण समोर किनाऱ्याच्या टोकाला कोळीवाड्याच्या होड्या ओढून ठेवल्या होत्या आणि त्यांच्या सावलीत माणसं जाळी सांधत बसली होती. मी खाली आले असते तर त्यांच्यावरच. गुडघ्यांमध्ये विमान वर-खाली न्यायची दांडी होती, ती मी पोटाशी ओढली. होड्या खालून गेल्या. नंतर खडक आले, त्यावर फुटणारं पाणी आलं, आणि मी डावीकडं समुद्रावर वळले. वळताना पाय आणि हात एकदम चालवायचे, हे ह्यांनी गोठ्यात पाटावर बसवून मला सांगितलं होतं. तेव्हा मला ते नुसतं बोलणं वाटलं होतं.

मी किती उंच गेले ते मला माहीत नाही. समुद्र सुरकुतल्या कापडासारखा दिसत होता. पुरती वळून दक्षिणेकडं तोंड झालं तेव्हा मुरुडच्या बाजूला धुरकट हवेत जंजिरा दिसला, पाण्यावर ठेवलेल्या काळ्या टोपलीसारखा. त्याच्या पलीकडं खाडीचं रुंद तोंड आणि दिघीचा डोंगर. त्या डोंगराच्या मागं बोर्ली. होडी, बैलगाडी, पावसाळा, सगळं त्या एका नजरेत मावत होतं. मला जाता येत होतं. नुसतं सरळ धरून ठेवलं असतं तर पोचले असते, की पेट्रोल संपून खाडीत पडले असते, हे आजही सांगता येणार नाही.

लोकांना वाटतं, तिथं मी सुटले असेन. पण मला आठवतं ते एवढंच की माझा हात दांडीवरून निघत नव्हता. नाकावर घाम येत होता तो पुसता येत नव्हता. घरात काय करायचं ते सांगणारी माणसं होती, त्यांचा मला राग यायचा. इथं सांगणारं कुणी नव्हतं आणि तरी माझ्या हातात काही नव्हतं. स्विच बंद केला की इंजिन हवेत पुन्हा सुरू होणार नाही, हे मला ठाऊक होतं. तेव्हा जे खाली असेल तिथंच उतरायचं. स्विच हाताशी होता आणि तो कुठं दाबायचा एवढाच प्रश्न होता.

मी जमिनीच्या बाजूनं वळले. आमची वाडी दिसली, गोठा दिसला, अंगणात एक पांढरा ठिपका दिसला, त्या सासूबाई असाव्यात. सुरूच्या झाडांवरून पुन्हा किनाऱ्याच्या सरळ रेषेत आले, तेव्हा पाहिलं तर सगळं गाव वाळूवर उतरलं होतं. मी वर गेले तशी माणसं धावत सुटली होती, बायका टोपल्या टाकून आल्या होत्या, पोरं नाचत होती. उतरायला जी घट्ट वाळू होती नेमकी तिच्यावर सगळे उभे होते आणि माझ्याकडं बघून हात हलवत होते. मी ओरडले. ते ओरडणं मलासुद्धा ऐकू आलं नाही. गर्दीच्या पुढं हे होते. हे दोन्ही हातांनी माणसांना मागं लोटत होते आणि माणसं ह्यांना वळसा घालून पुन्हा पुढं येत होती.

मी समुद्राच्या कडेकडं सरकले आणि स्विच बंद केला.

इतकी शांतता झाली की तारांमधून जाणारा वारा ऐकू आला. लोकांचा गलका ऐकू आला. चाकं पाण्याला लागली. उथळ पाणी होतं, घोट्याएवढं असेल, पण चाकांना कुणी खालून धरल्यासारखं झालं आणि शेपटी माझ्या डोक्यावरून पुढं गेली.

मी उलटी लटकत होते. पट्ट्यानं धरून ठेवलं होतं. डोक्याखाली वाळू होती आणि लाट आली की पाणी कपाळ, डोळे, नाक झाकायचं, लाट ओसरली की मी श्वास घ्यायची. पट्ट्याची कडी माझ्याच वजनानं आवळली होती, ती उघडेना. उजवा हात उचलत नव्हता. पेट्रोलचा वास येत होता. प्रत्येक लाट आधीच्यापेक्षा थोडी जास्त वेळ थांबते आहे असं मला वाटू लागलं. मी तेव्हा देवाचं नाव घेतलं नाही की आईचं घेतलं नाही. मी तो पट्टा शिवला होता. दुहेरी टाक्यांनी मीच शिवला होता आणि तो निघायचा नाही हे मला पक्कं माहीत होतं.

मग बाहेर आवाज आले. जाळी सांधायला बसलेला म्हातारा तांडेल, म्हणजे कोळीवाड्यातल्या एका होडीचा मुख्य, सगळ्यांच्या आधी पोचला. त्याच्या मागून कोळणी आल्या. त्यांनी शेपटीला खांदे लावले आणि होडी उचलतात तशा हाळ्या देत ती वर केली. तांडेल पोटावर सरपटत आत आला. त्यानं माझं डोकं तळहातावर घेऊन पाण्याच्या वर धरलं आणि दुसऱ्या हातानं सुरी चालवली. “हलू नको बाय,” एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. “हलू नको. मी हाय.” पट्टा तुटला आणि मी त्याच्या अंगावर पडले.

हे सर्वांत शेवटी पोचले. वाळूत तो पाय ओढत धावणं ह्यांना जमत नव्हतं. आले आणि माझ्याशेजारी पाण्यात बसले. मोडलेल्या पंखाकडं पाहिलंही नाही.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि सासूबाई आल्या. त्यांच्या हातात कोरडं लुगडं होतं. त्यांनी ते माझ्याभोवती गुंडाळलं, बायकांना आडोसा करायला लावला आणि माझ्या केसांतली वाळू बोटांनी काढू लागल्या. मग मुलाकडं न बघता म्हणाल्या, “ही माझी सून हाय. तुझ्या यंत्राचा भाग न्हाय. आता पुरे.”

कितीतरी महिन्यांनी त्या माझ्या बाजूनं बोलल्या होत्या. मला रडू आलं ते तेव्हा.

खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. हाडवैद्यानं बांधून दिलं. पोलीसपाटलांनी वर काय कळवलं मला माहीत नाही. एक अधिकारी अलिबागहून आले, त्यांनी मोडकं विमान पाहिलं, मग मला पाहिलं आणि ह्यांना समज देऊन गेले. विमान किनाऱ्यावरून ओढून आणलं. पंखांचं व्हार्निश दिलेलं कापड सासूबाईंनी कापून काढलं आणि पेंढ्याच्या उडवीवर घातलं. पाणी आत जात नव्हतं. म्हैस पुन्हा गोठ्यात गेली.

हे ओट्यावर बसून राहिले. जेवायला बोलावलं की जेवत, बांधावर चला म्हटलं की जात. माझ्याशी बोलत नव्हते. रागानं नाही, ते मला कळत होतं. माझ्या बांधलेल्या हाताकडं नजर गेली की हे मान वळवत. पण मला ते सोसवेना. जे झालं ते माझ्यासोबत झालं होतं आणि त्याबद्दल एक शब्द बोलायला त्या घरात कुणी तयार नव्हतं. सासूबाईंनी तर तो विषय काढायचाच नाही असं बजावलं होतं.

हात बरा होईतो विश्रांती म्हणून वडील येऊन मला बोर्लीला घेऊन गेले. आई होती, भाऊ होते, ऊन ऊन भात आयता ताटात पडत होता. वडील एकदा हळूच म्हणाले, “नाही गेलीस परत तरी चालेल. अलिबागचं मी अजून विचारीन.” मी त्या वयाला ट्रेनिंगला गेले असते की नाही, घेतलं असतं की नाही, कोण जाणे. पण दार उघडं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला ते उघडून दाखवलं होतं.

मी तिथं सांगायचा प्रयत्न केला. आईला सांगितलं की वरून तुमचा डोंगर दिसला. ती म्हणाली, बरं झालं वाचलीस. भाऊ म्हणाले, वाऱ्यानं उचललं असेल थोडं, लोक उगाच वाढवून सांगतात. बाजारातल्या बायकांना वाटलं, पडल्यामुळे डोक्यावर परिणाम झाला. मी वळले कशी, जंजिरा कुठल्या अंगाला होता, इंजिन थांबल्यावर कसला आवाज आला, हे ज्याला सांगता येईल असा जगात एकच माणूस होता आणि तो काशीदला ओट्यावर बसून होता. ह्याचा मला आनंद झाला नाही. मला त्याचा राग आला. पण पावसाळा जवळ आला होता, होड्या बंद व्हायच्या आत ठरवायला हवं होतं. मी शेवटच्या होड्यांपैकी एकीत बसले.

संध्याकाळी घरी पोचले. सासूबाई वाडीत होत्या. हे ओट्यावरच होते. मी पिशवी ठेवली, पाय धुतले आणि ह्यांच्यासमोर बसून सांगायला लागले. विचारलं नव्हतं तरी सांगितलं. चाकं उचलल्यापासून पट्टा कापेपर्यंत, काहीच गाळलं नाही. मी किती घाबरले होते तेही सांगितलं, आणि मला कधीच उडायचं नव्हतं तेही सांगितलं. हे खाली बघत ऐकत होते. संपल्यावर मान वर केली.

“वळताना डावा पंख जड लागत होता का?” ह्यांनी विचारलं.

मला वाटलं होतं, हे माफी मागतील. निदान हात कसा आहे ते विचारतील. मी उठून आत जाणार होते. पण ते मला आठवत होतं. डावा पंख खरंच जड लागत होता, आणि त्यासाठी मला सगळा वेळ दांडी उजवीकडं रेटून धरावी लागली होती. हे आणखी कुणालाही विचारता आलं नसतं. मी पुन्हा बसले आणि म्हटलं, हो, लागत होता. कुठं जास्त लागला, असं ह्यांनी विचारलं. मी हातानं दाखवलं. सासूबाई वाडीतून आल्या तेव्हा आम्ही दोघं ओट्यावर हात पसरून बसलो होतो आणि हे म्हणत होते की खळ तिकडं दाट बसली असणार. त्या आमच्याकडं बघून आत गेल्या आणि चुलीला लागल्या.

पुन्हा विमान झालं नाही. पुढं होड्यांना इंजिनं बसू लागली, तेव्हा तोच तांडेल ह्यांना बोलवायला आला, आणि त्यानंतर हे बंदरावरच जास्त असायचे. मी अलिबागला गेले नाही. काशीदला राहिले ती मनानं राहिले असं मी कुणाला सांगत नाही, कारण ते पुरतं खरं नाही. पण त्यानंतर संध्याकाळी हे घरी आले की आम्ही बोलायचो. आणि मध्ये कापडाचा पडदा लागायचा नाही.